साडेनऊ ग्रॅमची तूट

मंगळवारी दुपारी पुतणीचा फोन आला. "काका, शनिवारी बाबांना घेऊन येते. चार वाजता. चालेल ना?"

तिचे बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. अकरा वर्षांत तो माझ्या घरी आला नव्हता आणि मीही कधी ये म्हटलं नव्हतं. मी घसा खाकरून "चालेल की" म्हणालो.

"त्यांना तो रानमाणूस एकदा हातात घ्यायचाय. दिसत तर आता फारसं नाहीच. डॉक्टर म्हणाले, उरलंय तेही दोन-तीन महिन्यांत जाईल. तेव्हापासून एकच धोशा लावलाय. आहे ना तो तुमच्याकडे अजून?"

"आहे. जाणार कुठं?"

फोन ठेवला आणि माझी पाचावर धारण बसली. नाणं होतं. टेबलाच्या खालच्या खणात, एका काड्यापेटीत होतं. पण त्याला मी माझ्या हाताने भोक पाडलं होतं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर मी वेडा वाटेन. आम्ही दोघं भाऊ लहानपणापासून जर्मनीतली जुनी चांदीची नाणी जमवत आलो. जर्मनी एक देश होण्यापूर्वी तिथं डझनावारी छोटे राजे होते आणि जो तो आपापला थालर पाडायचा. थालर म्हणजे तळहात भरेल एवढं मोठं, जाडजूड चांदीचं नाणं. कुणावर गरुड, कुणावर दाढीवाला राजा, कुणावर खाणीतले कामगार. मी नऊ वर्षांचा असताना दादाने पहिला धडा दिला होता, "नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही. कडेला धरायचं, दोन बोटांत. घामाचा डाग शंभर वर्षं जात नाही." तेव्हापासून आजपर्यंत मी एकाही नाण्याच्या तोंडाला बोट लावलेलं नाही. बायको म्हणते, "लग्नाला उभे होतात तेव्हा माझा हातसुद्धा तुम्ही कडेनेच धरला होता."

नोकरी केली वजनमापं खात्यात. चौतीस वर्षं दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासले. किलोच्या वजनात खालून भोक पाडून शिसं काढून घेतलेलं असतं, बाहेरून वजन अगदी साधुसंत. मी ते काट्यावर ठेवायचो आणि दुकानदाराचा चेहरा उतरायचा. चौतीस वर्षांत एक गोष्ट हाडात भिनली. हलकं म्हणजे खोटं. त्याला दुसरं कारण नसतं.

आई गेली त्यानंतर आम्ही नाण्यांची वाटणी केली. भांडणतंटा नाही, जेवणाच्या टेबलावर निळं मखमलीचं कापड अंथरून, एक तुला, एक मला. फक्त एका नाण्याला मी हात लावला नाही, कारण ते दादाचं एकट्याचं होतं. ब्रन्सविकच्या ड्यूकचा थालर. त्यावर अंगभर केस असलेला एक रानमाणूस, हातात मुळासकट उपटलेलं झाड. अशी नाणी आणखीही असतात, पण एवढं सुबक मी पाहिलं नव्हतं. त्या रानमाणसावर माझा जीव होता. दादाने मात्र तो कधी मला काट्यावर ठेवू दिला नव्हता. "तुझ्या काट्याची नजर लागेल," म्हणायचा आणि हसायचा.

वाटणी संपली तेव्हा दादाने तो थालर उचलून माझ्या हातात ठेवला. "हा तू घे. नीट हाताळ, म्हणजे कळेल." मी तो दोन बोटांत कडेने धरला. आईचा एकुलता एक फोटो तेवढा सामानात सापडत नव्हता. ती कॅमेरा दिसला की पळायची, त्यामुळे जन्मात एकच फोटो निघाला होता. मी विचारलं तर दादा म्हणाला, "असेल रे, तुझ्याकडेच निघेल." मला वाटलं, फोटो स्वतःला ठेवून घेतोय आणि नाण्यावर माझी बोळवण करतोय. तरी मी गप्प राहिलो. रानमाणूस हातात होता ना.

घरी आल्या आल्या काटा काढला. थालर साधारण अठ्ठावीस पूर्णांक नऊ ग्रॅमचा हवा. हा भरला एकोणीस पूर्णांक चार. काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवला. एकोणीस पूर्णांक चार. साडेनऊ ग्रॅमची तूट!

मग भिंग घेतलं. नाण्याच्या कडेवर, गोल फिरत गेलेली केसाएवढी बारीक रेघ होती. खोटी नाणी साच्यात ओततात, तेव्हा साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं अशीच रेघ उरते. शेवटी नखाने टिचकी मारून पाहिली. नाणं खणखणीत हवं असं आपण उगाच म्हणत नाही. हे बद्द वाजलं.

वजन, कड, आवाज, तिन्ही परीक्षांत नापास. म्हणजे दादा कधीतरी फसला होता, आणि फसल्याचं कळल्यावर तो माल त्याने सख्ख्या भावाच्या गळ्यात मारला होता. वर म्हणतो, नीट हाताळ म्हणजे कळेल. कळलं की!

"अहो, सरळ विचारा ना त्यांना," बायको तेव्हाच म्हणाली होती.

"काय विचारू? तू लबाड आहेस का म्हणून?"

"त्यापेक्षा चांगल्या शब्दांत विचारता येतं."

मला येत नव्हतं. महिनाभर धुमसलो. आमच्या नाणेमंडळाचा नियम आहे, खोटं नाणं सापडलं की त्याला भोक पाडायचं, म्हणजे ते पुढं कुणाला खपवता येत नाही. एका रविवारी हातड्रिल घेतलं आणि दाढीच्या खाली, मानेपाशी आरपार भोक पाडलं. पाडताना मध्येच ड्रिल भसकन आत गेलं. आतून पोकळ. मनात म्हटलं, वा, म्हणजे आतून चांदीसुद्धा नाही, नुसती हवा. त्या दिवसापासून रानमाणूस काड्यापेटीत गेला आणि दादाच्या फोनवर मी "हो, नाही, बरं आहे" एवढंच बोलू लागलो. हळूहळू फोनही सणासुदीपुरते उरले.

आणि आता शनिवारी चार वाजता तो येणार होता. डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायला. डोळ्यांना एक वेळ फसवता येतं. बोटं भोकावरून गेली की संपलं. मग तो विचारणार, हे काय, आणि मला सांगावं लागणार की मी तुला लबाड ठरवून मोकळा झालो होतो. खोटं नाणं त्याने दिलं होतं आणि धाबं माझं दणाणलं होतं, याचा मला वेगळाच संताप येत होता. पण तो आंधळा होत चालला होता. आंधळ्या होणाऱ्या माणसाशी हिशेब काय करायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची. हे एवढं त्याला कळता कामा नये, बस्स.

बुधवारी सकाळी नाणं खिशात घालून चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडे गेलो. एवढंसं दुकान, त्यात तो, त्याची भट्टी आणि एक फिरणारं स्टूल. त्याने नाणं उलटंपालटं केलं.

"भोक कुणी पाडलं हो हे? हात तोडायला पाहिजेत त्याचे."

"मला असंच मिळालं," मी म्हणालो. म्हणता म्हणता कान गरम झाले.

"बुजवून देतो. आरपार चांदीची तार घालतो, दोन्हीकडून झाळून घासून सपाट करतो. पण ज्योत लावावी लागेल. जुना रंग उडेल."

"उडू दे. हाताला लागता कामा नये, एवढं बघा."

"हाताला?" तो माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिला.

गुरुवारी आणायला गेलो. काम फक्कड होतं. डोळे मिटून मी रुमालातून बोट फिरवून पाहिलं, काही म्हणजे काही लागेना. कारागीर खुशीत होता.

"एक गंमत झाली," तो म्हणाला. "ज्योत धरली तर भोकातून धूर आला. कागद जळल्यासारखा वास. आत काय मळ साचला होता कोण जाणे."

"जुनं आहे. काय काय असेल आत," मी म्हणालो आणि घाईने बाहेर पडलो. धुराचा विचार रस्ता ओलांडेपर्यंतसुद्धा टिकला नाही. माझ्या डोक्यात फक्त तो मानेवरचा नवा कोरा ठिपका होता, चकचकीत. पुतणीचे डोळे काही गेले नव्हते.

म्हणून शुक्रवारी आमच्या मंडळींची जुनी युक्ती केली. अंडं उकडलं, सोलून अर्धं केलं आणि नाण्यासोबत डब्यात बंद करून ठेवलं. अंड्याच्या वाफेने चांदी काळवंडते. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बघत होतो.

"उबवताय का?" बायकोने विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघून हसू आवरलं. "अहो, अजून वेळ गेलेली नाही. त्यांना खरं काय ते सांगून टाका. किती दिवस हे ओझं?"

"तू मध्ये पडू नकोस."

ती मध्ये पडली नाही. रात्री मला झोप लागली नाही, एवढंच.

शनिवारी चारला पाच कमी असताना बेल वाजली. दादा दारात उभा होता, पुतणीच्या खांद्यावर हात ठेवून. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री. शर्टाच्या आत माणूस अर्धाच उरला होता. माझ्या आवाजाच्या दिशेने त्याने तोंड वळवलं, पण नजर माझ्या कानाच्या बाजूने पलीकडे गेली. मला एकदम भडभडून आलं, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली की आता हा नाणं मागणार.

"भावोजी, आधी चहा घ्या," बायको म्हणाली.

"चहा मागाहून. आधी ते. धाकट्या, आण."

मी नाणं आणलं. ट्रेमधून, निळ्या मखमलीवर ठेवून, जणू अकरा वर्षं ते तिथंच होतं. त्याच्या दोन बोटांत कडेने दिलं. त्याने चाचपलं, हसला. रानमाणसाच्या पायापासून बोट वर चढू लागलं. गुडघा, कंबर, झाडाचं खोड. माझी नजर त्या बोटावर खिळली होती. खांदा. दाढी. मान. बोट मानेवरून गेलं आणि तसंच पुढं डोक्याकडे गेलं.

मी श्वास सोडला. सुटलो, असं वाटलं.

मग दादाने एक विचित्रच गोष्ट केली. नाणं दोन्ही तळव्यांत आडवं धरलं आणि दोन्ही अंगठे त्याच्या तोंडावर दाबले. ज्याने मला धडा दिला तोच!

"दादा, अरे, तोंडाला बोट..."

"याला असंच धरावं लागतं," तो हसत म्हणाला. "मला काय शिकवतोस? तूही असाच धरला असशील." त्याने नाणं पिळलं. बाटलीचं झाकण पिळतात तसं. नाणं हललं नाही. त्याने पुन्हा जोर लावला. "घट्ट झालाय रे. शेवटचा कधी उघडलास?"

"उघडला?"

दादाचे हात थांबले.

"धाकट्या," तो हळू म्हणाला, "तू हा उघडलाच नाहीस?"

"उघडतो म्हणजे काय?"

"अरे, लहानपणी वाचनालयातून आणलेलं ते निळं पुस्तक! त्यात चित्र नव्हतं? दोन थालर घ्यायचे, आतून कोरायचे, स्क्रूसारखे आटे पाडायचे आणि एकमेकांत बसवायचे. बाहेरून नाणं, आतून डबी. लोक त्यात चित्रं ठेवायचे, चिठ्ठ्या ठेवायचे. तीन दिवस तू दुसरं काही बोलत नव्हतास. मी हा घेतला तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस तुला द्यायचा. म्हणून काट्यावर ठेवू देत नव्हतो, तू लगेच ओळखलं असतंस. वाटणीच्या वेळी वाटलं, घरी जाऊन हा वजन करणार, हलकं भरणार, कडेची रेघ दिसणार, दोन मिनिटांत उघडणार."

दोन मिनिटांत! वजन केलं होतं. रेघ पाहिली होती. आवाजही ऐकला होता. आणि निळं पुस्तक मी विसरलो होतो असंही नाही. पण हलकं म्हणजे खोटं, यापलीकडे माझी अक्कल एक पाऊल गेली नव्हती. आणि तोंडाला बोट लावून पिळून बघावं, हे तर माझ्या सात जन्मांत मला सुचलं नसतं.

"आत काय आहे, दादा?" मी विचारलं. विचारतानाच नाकात तो वास आला. कागद जळल्यासारखा.

"आईचा फोटो," दादा म्हणाला. "गोल कापून बसवला होता. एकच होता, वाटणी कशी करणार? म्हटलं, धाकट्याकडे राहू दे. उघड आता तू. मला दिसणार नाही, पण तू बघ आणि सांग."

मी पिळून पाहिलं, बोटं घसरली. बायकोने स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे आणून दिले. पकड आली. पिळलं तेव्हा आत कट् असा आवाज झाला, चांदीची तार तुटली, आणि आटे फिरू लागले. अकरा वर्षांनी रानमाणूस उघडला.

आत काळी पापुद्र्यांसारखी राख होती. काठाला पांढऱ्या कागदाची नखाएवढी कोर तेवढी शिल्लक होती. त्यावर काहीच नव्हतं.

"आई आहे ना?" दादाने विचारलं.

पुतणीने पाहिलं. बायकोने पाहिलं. दोघी माझ्याकडे बघत होत्या आणि एकही बोलत नव्हती. मी "आहे" म्हणालो असतो तर तिथं मला खोटं पाडणारं कुणी नव्हतं. शब्द जिभेच्या टोकावर होता. माझं भोक फार तर वाटाण्याएवढं. ते तसंच राहू दिलं असतं तर आईचा बराचसा चेहरा वाचला असता. ते लपवायला गेलो म्हणून ती जळाली.

मी बोलत नाही म्हटल्यावर दादाने हात पुढं केला, अर्धं नाणं शोधून आत बोट घातलं. बोट बाहेर काढून अंगठ्यावर चोळलं. "हे काय आहे रे?"

"राख," मी म्हणालो. आणि मग पंचनामा सांगावा तसं सगळं सांगितलं. काटा, रेघ, टिचकी, मंडळाचा नियम, ड्रिल, काड्यापेटी, कारागीर, ज्योत, धूर. अंड्यापर्यंत काही सोडलं नाही. माझा आवाज कोरडा होता, पण मान वर होत नव्हती.

काळं बोट दादाने नकळत शर्टाला पुसलं. पांढऱ्या शर्टावर रेघ उमटली. ती त्याला दिसली नाही आणि आमच्यापैकी कुणी सांगितलीही नाही.

"म्हणजे अकरा वर्षं मी तुझ्या लेखी लबाड होतो," तो म्हणाला.

"हो."

"हलकं भरलं तेव्हा एक फोन करायचास. शिव्या द्यायच्या होत्यास, चाललं असतं."

मी हातातले रबरी मोजे उतरवू लागलो.

"आणि मी समजत होतो, आईचा फोटो कापला म्हणून तू रागावलास. दर फोनच्या वेळी वाटायचं, आज माफी मागू. मग तू 'बरं आहे' म्हणायचास, आणि माझं राहूनच जायचं."

बायको आत निघून गेली. आतून नळाचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. चहा झाला, कुणी प्यायला, कुणी नाही. दादाने राखेसकट दोन्ही अर्धी एकमेकांवर ठेवली, चाचपत आटे बसवले आणि नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. कडेने नाही. सपाट, तोंडावर.

निघताना जिन्याच्या तोंडाशी तो थांबला. "फोटोत ऊन होतं. तिने डोळ्यांवर हात धरला होता. कुठला हात होता रे?"

"उजवा," मी लगेच म्हणालो. मला लख्ख आठवत होता.

"नाही, डावा. उजव्या हाताने तिने तुझी कॉलर धरली होती. तू चौकटीबाहेर पळत होतास. गोल कापताना तू अर्धा गेलास, पण तिची मूठ आणि तुझा खांदा राहिला होता."

तपासायला आता काहीच उरलं नव्हतं. ना फोटो, ना त्याचे डोळे.

"डावाच असेल," मी म्हणालो. "तू म्हणतोस म्हणजे डावाच."

पुतणीच्या खांद्यावर हात ठेवून त्याने एक पायरी चाचपली. मी तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, पण ते त्याला कसं दिसणार? ते सांगायलाच हवं होतं.

"दादा, माझा खांदा धर."

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने तिच्या खांद्यावरचा हात उचलला, हवेत इकडेतिकडे फिरवला आणि माझ्या खांद्यावर, कॉलरपाशी ठेवला. आम्ही एकेक पायरी उतरू लागलो. त्याचा हात फार हलका झाला होता.